तूर्तास जीवितहानी नाही

९ नोव्हेंबर, रविवार

रोजनिशी सुरू. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.

काम: तीन घाटांची मोटरसायकल ट्रिप. ताम्हिणी उतरून कोकणात, पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर, पसरणी उतरून वाई आणि हायवेने परत पुणे. माणसं चार. मी, उम्मेहानी, लीडर. समर्थ आणि अपेक्षा, दोघं माझ्या ऑफिसातले. आणि तौफिक, माझा धाकटा भाऊ, तो अब्बूंबरोबर नाना पेठेतल्या दुकानात गाड्यांची सीटकव्हरं शिवतो.

लीडर कशी झाले: डबा खाताना समर्थने विचारलं, प्लॅनिंग कोण करणार. अपेक्षा म्हणाली, उम्मेला दे, तिला तसंही दुसरं काही सुचत नाही. अपेक्षा कर्वेनगरची आहे. तिच्याकडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

आम्ही तिघं विमा कंपनीत अपघाताचे क्लेम तपासतो. कोणाचं कुठल्या वळणावर काय चुकलं हे मी दिवसभर वाचते. त्यामुळे घाटात काय करू नये हे माझ्याइतकं पुण्यात कोणाला माहीत नसेल. स्वतः घाटात गाडी अजून चालवलेली नाही. पहिला अनुभव ट्रिपसाठी राखून ठेवला आहे.

तारीख: १२ डिसेंबर. संकल्प: आवाज चढवायचा नाही. माझा स्वभाव मुळात शांत आहे, पण लीडरने जरा जास्तच शांत असावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरी सांगितलं. अम्मी चपात्या लाटत होती. लाटणं माझ्या कानाजवळून गेलं आणि फ्रिजवर आदळलं. नुकसान: फ्रिजला एक पोचा. अब्बू म्हणाले, नसीम, नेम सुधारतोय तुझा.

मग अब्बूंनी कागद मागितला आणि मी लिहिलेली घाटांची नावं वाचून घेतली. माझ्याकडूनच, कारण त्यांना फक्त सही येते, तीही त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली. आमच्या घरात दहावी होणारी मी पहिली, कॉलेजात जाणारी मी पहिली. रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत गल्लीतलं सगळं लिखाण लहानपणापासून माझ्याकडे. त्यामुळे आमच्याकडे लिहिलं म्हणजे झालं. मी ‘आंबेनळी’ लिहिलं तेव्हाच अब्बूंच्या लेखी मी आंबेनळी चढून आले.

मगरिबच्या नमाजानंतर सगळ्या गल्लीला बातमी. आमची उम्मेहानी सगळ्यांच्या पुढे राहणार, बाकीचे मागे, असं अब्बूंनी दुकानादुकानात जाऊन सांगितलं. समोरचे स्पेअर पार्टवाले म्हणाले, दादामियाँ, घाटातून मुलीला मिठाई आणायला सांगा.

आता मागे फिरता येणार नाही. फिरायचं आहे असं नाही. सहज नोंद केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली मीटिंग. जागा: कर्वेनगरातलं एक अमृततुल्य. समर्थ वाघोलीहून अख्खं शहर ओलांडून वेळेवर आला. तौफिकने ‘निघालो’ असा मेसेज टाकला आणि तीन चहा झाल्यावर उगवला.

समर्थने विचारलं, कुठून निघाला होतास भावा, सोलापूरहून? तौफिक म्हणाला, निघालो म्हणजे अंथरुणातून निघालो. समर्थने कॉलर धरली. तौफिकच्या हातात क्रीमरोल होता, तो समर्थच्या नाकात गेला. समर्थची थप्पड तौफिकने चुकवली, ती अपेक्षाच्या चष्म्याला बसली. अपेक्षाने चष्मा उचलला, काडी सरळ केली, डोळ्यांवर चढवला आणि मग समर्थच्या नडगीवर बूट मारला.

मी मध्ये पडले. मध्ये पडताना दोघांनाही माझा हात लागला. समर्थला जरा जोरात.

चहावाल्याने मान वर न करता सांगितलं, मारामारीसाठी समोर महापालिकेने कट्टा बांधला आहे, तिथे जावं, कप मात्र इथेच ठेवावेत.

निष्पन्न: चर्चा मोकळेपणाने झाली. एकूण अपेक्षेपेक्षा चांगली सुरुवात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नियम लिहून काढले. नियम एक: ‘निघालो’ हा शब्द इंजिन चालू झाल्यावरच लिहावा. पुढे पाणी, झोप, चेनचं तेल, ताशी चाळीसची मर्यादा, लीडरला ओव्हरटेक करण्यास मनाई वगैरे. सोप्या भाषेत, पोटकलमांसह.

ग्रुपवर टाकले. समर्थने अंगठा दाखवला. अपेक्षाने विचारलं, अनुक्रमणिका शेवटी आहे का?

तौफिकने दुकानात ते मोठ्याने वाचून दाखवले, लग्नात आहेर पुकारतात त्या आवाजात. गिऱ्हाइकं हसली. त्याच्या पाठीला माझा हात लागला. हातात अब्बूंची लाकडी फुटपट्टी होती, म्हणून तीही लागली. फुटपट्टी मोडली. तौफिक ओरडला, अब्बू, आपाने मारलं. मी अब्बूंना शांतपणे समजावलं की मारणं वेगळं आणि लागणं वेगळं. क्लेममध्ये हा फरक फार महत्त्वाचा असतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

सराव: दिवे घाट. पायथ्याला वडकीत मी ग्रुप थांबवला. वारा होता. झाडाची पानं स्पष्ट हलत होती. समर्थ म्हणाला, आमच्या घरात पंखा लावला तरी कॅलेंडर हलतं, म्हणून आम्ही घरात जात नाही का?

ते तिघं वर गेले. मी खाली थांबले. लीडरने एकदा तरी आपला ग्रुप बाहेरून पाहिला पाहिजे.

खाली आले ते भांडतच. वळणावर तौफिकने समर्थला आतून ओव्हरटेक केलं होतं. रसवंतीपुढे दोघांनी उसाची एकेक कांडी उचलली आणि एकमेकांच्या हेल्मेटवर मोडली. रसवंतीवाल्याने तिसरी उचलली आणि दोघांच्या मांड्यांवर मोडली. अपेक्षा रस पीत होती. म्हणाली, आलं जरा कमी आहे.

मी निर्णय दिला की दोघंही सारखेच चुकले. त्यावर दोघंही एकदम माझ्यावर ओरडले, एकच वाक्य, एकाच सुरात. टीम बांधली जाते आहे.

३ डिसेंबर, बुधवार

दिवे घाटाच्या प्रकारावरून लक्षात आलं की गाडीवर असताना बोलता येत नाही, म्हणून गैरसमज होतात. उपाय सापडला. परदेशात ग्रुपने जाणारे लोक इशारे वापरतात. आजच ऑफिस सुटल्यावर, तौफिकलाही बोलावून, शिकवले. मूठ वर म्हणजे थांबा. आणि खड्डा दाखवायचा तो पायाने, कारण हात हँडलवरून काढू नयेत. खड्डा डावीकडे असेल तर डावा पाय बाहेर, उजवीकडे असेल तर उजवा. पुढच्याने दाखवला की मागच्यांनी ओळीने दाखवत जायचा.

अपेक्षा म्हणाली, पुण्यात दोन्ही पाय कायमचे बाहेर राहतील.

तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पार्किंगमध्ये सराव घेताना मी मूठ वर केली. तौफिकला वाटलं, शाबास. तो थांबला नाही, समर्थच्या मागच्या चाकावर चढला. समर्थने त्याला गाडीवरून उतरू दिलं आणि मग आडवा केला. वॉचमनने पाण्याचा पाइप सोडला. सगळे ओले. इशारे मात्र पाठ झाले.

७ डिसेंबर, रविवार

आजची घटना सविस्तर लिहिते, कारण नंतर विपर्यास होईल.

समर्थच्या गावाकडे, म्हणजे वाघोलीच्या आतल्या रस्त्यावर, सराव ठेवला. सपाट रस्ता, खड्डे भरपूर. सगळ्यात पुढे मी, मग तौफिक, मग अपेक्षा, शेवटी समर्थ. उत्तम ओळ.

एका घरासमोर डाव्या हाताला मोठा खड्डा होता. खड्ड्याच्या कडेला बाजेवर एक आजोबा उन्हात बसले होते. मी नियमाप्रमाणे डावा पाय पूर्ण बाहेर काढून खड्डा दाखवला. मागून तौफिकने दाखवला. अपेक्षाने दाखवला.

आजोबांच्या बाजूने पाहिलं तर एकामागून एक माणसं येत होती आणि त्यांना लाथ दाखवून जात होती.

तिसऱ्या पायापर्यंत ते काठी घेऊन उभे राहिले होते. चौथा पाय समर्थचा. काठी त्याच्या खांद्यावर बसली, गाडी खड्ड्यात गेली, समर्थ शेणाच्या ढिगात. आजोबा ओरडत होते, पाय दावता व्हय रं मला? येक न्हाय, दोन न्हाय, चौघांनी मिळून! दुसरी काठी पाठीत. तिसऱ्या काठीला हेल्मेट निघालं आणि आजोबा म्हणाले, आरं, तू हाय व्हय? मग, घरचाच पोरगा लाथ दावतो म्हणून चौथी.

ते गेनबा, समर्थचे चुलत आजोबा.

मी परत वळून आले आणि समजावून सांगू लागले की हा पाय तुम्हाला नव्हता, खड्ड्याला होता. गेनबा म्हणाले, खड्डा मला दिसतोय की, मी सकाळधरनं त्याच्या शेजारीच बसलोय. मी म्हटलं, मागच्याला दाखवायचा होता. ते म्हणाले, मागच्याला डोळं न्हाईत का? तोवर तौफिक मध्ये घुसला आणि काठी धरली. समर्थ शेणासकट उठला आणि माझ्या आजोबांची काठी धरतोस काय म्हणून तौफिकवर गेला. ज्या आजोबांनी मारलं त्यांच्याच बाजूने. बाज मोडली. मी दोघांना सोडवत असताना समर्थच्या कानाला माझा हात लागला.

शेवटी गेनबांच्या बायकोने, सरुबाईंनी, बादली ओतली. मग सगळ्यांना ओसरीवर बसवून चहा, पोहे. हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, पोरी, एवढी शिकलीस, पर म्हाताऱ्या माणसापुढं पाय काढू नाय एवढं कुठल्या बुकात नव्हतं का गं?

इशाऱ्यात चूक नव्हती. रस्त्याच्या कडेला माणसं बसतात, ही नियोजनाबाहेरची बाब आहे.

८ डिसेंबर, सोमवार

समर्थचा खांदा सुजला. डॉक्टरांनी त्याला पंधरवडाभर गाडी बंद सांगितली. १२ तारीख रद्द करावी लागली. फार वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाच झोप लागली, ती थेट अम्मीने गदागदा हलवलं तेव्हा मोडली. किती दिवसांनी अशी झोप.

नवी तारीख: २६ डिसेंबर.

१४ डिसेंबर, रविवार

अब्बूंनी माझ्या गाडीसाठी सीट शिवली. काळी, लाल दोऱ्याची दुहेरी शिवण, आतला फोम स्वतः कापलेला. चार दिवस त्यांनी गिऱ्हाइकांची कामं मागे ठेवली. एक गिऱ्हाईक चिडून अंगावर आलं तर तौफिकने त्याला रेक्झिनच्या गुंडाळीने झोडपलं. अब्बूंनी तौफिकला झोडपलं. मग दोघांनी मिळून सीट बसवली.

गल्लीतली माणसं येऊन सीटवर हात फिरवून गेली. कोणी विचारलं, कधी निघणार, तर अब्बूच उत्तर देतात. मी शेजारी उभी.

रोजनिशी कोणी वाचत नाही म्हणून एकदा लिहून ठेवते. मला खरंच जायचं आहे. अब्बू सांगतात तसं. सगळ्यांच्या पुढे.

१७ डिसेंबर, बुधवार

ऑफिसात एका घाटातल्या अपघाताचा क्लेम आला. वळण, खडी, दरी. फोटो चार वेळा पाहिले, कामाचा भाग म्हणून. संध्याकाळी गाडीवर बसले तर तळहात ओले. हातमोजे हलक्या प्रतीचे असावेत. घातले नव्हते, पण पिशवीत होते.

नियमांना पुरवणी जोडली.

२६ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

चांदणी चौक. सगळे सामानासह हजर, तौफिकसुद्धा. थंडी, धुकं, पुढे सरळ ताम्हिणीचा रस्ता. प्रत्येकाची पिशवी बांधलेली. समर्थ गाणं म्हणत होता.

निघण्यापूर्वीची तपासणी सुरू केली. पुरवणीत लिहिलेली होती, कोणी वाचली नसेल तर माझा दोष नाही. दिवे, ब्रेक, चेन, कागदपत्रं. समर्थच्या मागच्या टायरवर मला एक चीर दिसली. समर्थ म्हणाला, ती चीर नाही, ते टायरचं डिझाइन आहे, सगळ्या टायरवर तशीच आहे. मी म्हटलं, मग सगळीच टायरं नापास.

तौफिकचं डोकं फिरलं. म्हणाला, आपा, सरळ सांग ना तुला जायचं नाही. समर्थ म्हणाला, तिला काय बोलतोस, टायर माझं आहे. तौफिक म्हणाला, बहीण माझी आहे. यावरून जुंपली. दोघं माझ्या बाजूने की माझ्याविरुद्ध हे शेवटपर्यंत कळलं नाही. समर्थने तौफिकला रेलिंगवर दाबलं. तौफिकने गुडघा वापरला. थर्मास फुटला. अपेक्षाने तंबूची काठी काढली आणि दोघांना मोजून मारलं. तिचा डोळा मात्र तौफिकच्या कोपराने काळानिळा झाला. वाहतुकीचा हवालदार आला. त्याने विचारलं, कुठे निघालात? सगळे टायरकडे बघू लागले. तो म्हणाला, मग घरी जा.

गेले.

तौफिकचं वाक्य मनाला लागलं. साफ खोटं आहे. मला जायचं नसतं तर मी इतकी तपासणी कशाला केली असती?

गल्लीत शिरताना स्पेअर पार्टवाले म्हणाले, आलीस पण? फार जोरात चालवतेस बेटा. अब्बू पुढे आले. माझ्या हातातली पिशवी घेतली.

नवी तारीख: २४ जानेवारी, शनिवार. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. नवा नियम: मारामारीत डोक्याला लागण्याचा धोका लक्षात घेता मीटिंगलाही हेल्मेट घालून यावे.

११ जानेवारी, रविवार

(तौफिककडून लिहून घेते आहे. उजवा हात चालत नाही. त्याला तोंडी सांगितलं आहे की मी सांगते तेवढंच लिही.)

शेवटची मीटिंग दुकानात झाली. सगळे नियमाप्रमाणे हेल्मेट घालून. रेक्झिनच्या गुंडाळ्यांमध्ये चार हेल्मेटं ओळीने बसली होती. एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि दोन्ही हात वर करून उलट्या पावली गेलं. हेल्मेटमुळे कोणालाच ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळे ओरडत होते. अब्बू मशिनवर काम करत होते.

मी आतापर्यंतचा अहवाल वाचला. जखमी: समर्थ खांदा, अपेक्षा डोळा, तौफिक किरकोळ आणि वारंवार. नुकसान: बाज, थर्मास, फुटपट्टी, फ्रिज. शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसच्या पद्धतीने लिहिलं होतं: तूर्तास जीवितहानी नाही.

समर्थने हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, जीवितहानी कशाला पाहिजे, आपल्याकडे उम्मेहानी आहे, तेवढी पुरते.

तौफिक जमिनीवर लोळला. अपेक्षा, जी कधी हसत नाही, ती हेल्मेटच्या आत हसली, काचेवर वाफ धरली. अब्बूंनी मशीन थांबवलं. मला वाटलं, समर्थला चार शब्द सुनावतील. ते डोळे पुसत होते, हसून हसून.

मीही हसले. हसताना समर्थला माझा हात लागला.

(तौफिक: हात लागला नाही. आपाने मूठ वळली, एक पाय मागे घेतला आणि ठोसा मारला. समर्थने मान खाली घातली, ठोसा हेल्मेटवर बसला. मी पाहिलं.)

मी हे सांगितलेलं नाही.

कडकन आवाज आला. मला वाटलं, हेल्मेटचा. हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही. माझ्या आग्रहावरून त्याने चांगलं घेतलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, हात लागला. एक्स-रे पाहून ते म्हणाले, असं हाड बॉक्सिंगवाल्यांचं मोडतं. समोर कोण होतं? मी म्हटलं, हेल्मेट. ते म्हणाले, मग निकाल लागलेलाच आहे. प्लास्टर सव्वा महिना.

१३ जानेवारी, मंगळवार

डाव्या हाताने. अक्षर वाईट.

ट्रिप रद्द. लीडरशिवाय ट्रिप नाही. नियमात आहे.

फार वाईट वाटलं. झोप चांगली.

१४ जानेवारी, बुधवार

अब्बूंना सांगितलं, रद्द. ते मशीनमध्ये दोरा ओवत होते. दोन वेळा हुकला.

नंतर जेवताना म्हणाले, गाडी उभी आहे. सीट बसवली आहे. गल्लीला सांगून झालं आहे. आयुष्यभर लोकांच्या बुडाखालच्या सीट शिवल्या बेटा, लोक त्या घेऊन घाटात गेले, मी पुण्याबाहेरचा बोगदासुद्धा ओलांडला नाही. लायसन्स आहे माझ्याकडे. तुझी हरकत नसेल तर मी जाऊन येतो.

अम्मीने लाटणं उचललं. बघितलं त्यांच्याकडे. खाली ठेवलं. म्हणाली, माकडटोपी माळ्यावर आहे.

मी म्हटलं, ग्रुपला विचारावं लागेल. माझी खात्री होती. मुलंमुलं जाणार, त्यात एक म्हातारा माणूस कोणालाच नको असतो.

समर्थचं उत्तर मी फोन खाली ठेवायच्या आत: दादामियाँ चाचा? डन! अपेक्षाचं: त्यांचे नियम किती? शून्य असतील तर हो.

तौफिक नाचला. प्लास्टरला धक्का दिला. डावा हात लागला त्याला. कमी लागला.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळी

निघाले, दुकानासमोरूनच. उशिरा. तपासणी नाही. समर्थने कोणाचं टायर पाहिलं नाही. तौफिक आणि समर्थ गळ्यात गळे घालून उभे. अब्बू माझ्या गाडीवर, माकडटोपीवर हेल्मेट. गल्लीने टाळ्या वाजवल्या. स्पेअर पार्टवाले म्हणाले, दादामियाँ, मिठाई!

अब्बू सगळ्यांच्या पुढे.

मी बेस कॅम्प. मोठ्या मोहिमांमध्ये लीडर बऱ्याचदा खालीच असतो.

संध्याकाळी

कोणाचा फोन नाही. म्हणजे मारामारी झाली असणार आणि लपवतात. तौफिकला फोन केला. विचारलं, कोणाला किती लागलं? तो म्हणाला, मासे खातोय, नंतर बोलतो.

काळजी वाटते.

२५ जानेवारी, रविवार, दुपारी

अब्बूंचा फोन. महाबळेश्वरहून. आंबेनळी चढून वर आले. लांबून बोलायचं म्हणून ते ओरडून बोलतात, अम्मीलाही स्वयंपाकघरात ऐकू गेलं. म्हणाले, ढग खाली आणि आपण वर, बेटा, हे काय असतं!

मी विचारलं, पुढे कोण होतं? म्हणाले, कधी हा, कधी ती. कुठे थांबायचं हे कोण ठरवतं? म्हणाले, ज्याला लघवी लागते तो.

मी विचारलं, भांडणं किती झाली, खरं सांगा.

अब्बू म्हणाले, कशावरून?

मी हवामान विचारलं.

अर्थात भांडणं झाली नाहीत, हा मी अडीच महिने लावलेल्या शिस्तीचा परिणाम असणार. उशिरा का होईना.

मग आवाज खाली आणून म्हणाले, पुढच्या खेपेला तू ये. माझ्या मागे बस. वळणं आली की मलाही भीती वाटते, दोन-चार वळणांनी जाते. हळू नेईन. तू दिवे घाटाच्या खाली थांबली होतीस ना, मला तौफिकने तेव्हाच सांगितलं होतं. घाबरू नकोस, काय?

मी घाबरते असं कोण म्हणालं, हे विचारणार होते. वारा होता, हेही सांगणार होते. फोनमध्ये मागे तिघं हसत होते. माझ्यावर नाही, कशावर तरी.

हो म्हटलं.

आता डाव्या हाताने मागे बसणाऱ्यासाठी नियम लिहायला घेतले. एक लिहून झाला. घट्ट धरावे. पुढचा सुचत नाही.